कवड परत आली नाही

मृणाली आणि मी पॉलिटेक्निकला एकत्र शिकलो. वर्गात सगळ्यांच्या आधी नोकरी तिलाच लागली, एमआयडीसीतल्या मासळी गोठवणाऱ्या एका कंपनीत, कंट्रोल रूममध्ये. शीतगृहाचं तापमान उणे अठराच्या वर चढलं की अलार्म वाजायचा. मग कारण शोधायचं, माणूस पाठवायचा, नोंद करायची. पॅनेलशेजारी भिंतीवर मार्करने तिचा मोबाइल नंबर लिहिलेला होता. पहिल्याच आठवड्यात तिने त्याचा फोटो आम्हाला पाठवला होता.

कंट्रोल रूमला चार ऑपरेटर लागतात. दोघं सोडून गेले आणि त्यांच्या जागा भरल्याच गेल्या नाहीत. मृणाली आणि तिची सहकारी ऋतिका अशा उरलेल्या दोघींनी चौदा महिने बारा-बारा तासांच्या पाळ्या केल्या. सुट्टीतही अलार्म मोबाइलवर यायचा. शिमग्यात पालखी दारात आली होती, तेव्हा ही पडवीच्या कोपऱ्यात एक कान दाबून फोनवर कुणाला तरी सांगत होती, कुठला व्हॉल्व्ह बंद करायचा ते.

नंतर ती विझत गेली. केस विंचरेना. कोलंबीचं कालवण वाढलेलं ताट पुढे सरकवून उठायची. एक दिवस कामावर निघाली आणि आरे-वारेच्या रस्त्याकडेला गाडी लावून संध्याकाळपर्यंत बसून राहिली. मी विचारलं तर म्हणाली, "समुद्र नव्हते बघत. गाडी परत सुरू करायची, एवढंच जमेना." सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी डिप्रेशन आहे म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या.

तिने राजीनामा दिला आणि आपल्या ब्लॉगवर एक पान लिहिलं. त्यात कंपनीचं नाव होतं, पाळ्यांच्या तारखा होत्या, नाकारलेल्या रजेच्या अर्जांचे फोटो होते. शिवी एकही नव्हती. पानाखाली माणसं लिहू लागली. कुणी पॅकिंगमधलं, कुणी दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेलं. एक्केचाळीस जण झाले. ऋतिकानेही तोवर नोकरी सोडली होती, तिने तर स्वतःच्या नावाने लिहिलं, आणखी दोन साइटवरही. मृणाली रोज ते पान उघडून वाचायची. मला म्हणाली, "मीच कमी पडले असं वाटत होतं रे. इथे एक्केचाळीस जण कमी पडलेत." कितीतरी दिवसांनी ती हसली होती.

मग रजिस्टर पोस्टाने नोटीस आली. पंधरा दिवसांत पान काढा, लेखी माफी मागा, नाहीतर अब्रुनुकसानीचा दावा. मृणालीने एका वकीलबाईंना सगळे कागद दाखवले. त्या म्हणाल्या, "खरं आहे ना? मग गप्प राहायचं. कशावर सही करायची नाही." मृणालीने पान ठेवलं.

तिचे वडील भिकाजी तीस वर्षं बोटीवर खलाशी होते. कोर्टाचं नाव काढलं की त्यांना घाम फुटतो. त्यांच्या वाडीत भांडण मिटवायची एक रीत आहे. माघार घेणाऱ्याने नारळ न्यायचा, समोरच्याने तो हातात घेतला की विषय संपला. मग समोरचा नारळ फोडतो आणि एक कवड, म्हणजे अर्धा नारळ, परत देतो. त्यानंतर कुणी तो विषय काढायचा नाही, काढला तर वाडी त्याला माणसात धरत नाही. दोन अंगणांमधल्या दगडी गडग्यावरून शेजारच्या काशीरामशी अकरा वर्षं चाललेलं भांडण भिकाजींनी असंच एका नारळावर मिटवलं होतं.

नोटिशीच्या बाराव्या दिवशी, घरात कुणाला न सांगता, ते धुतलेला सदरा घालून कंपनीत गेले. साहेबाने नारळ घेतला, चहा पाजला आणि दोन पानी इंग्रजी कागद हातात दिला.

"नारळ घेतलान त्यांनी," घरी आल्यावर ते म्हणाले. "मिटला सगळा. तू फक्त सही कर."

"बाबा, यात काय लिहिलंय ते कळलं का तुम्हाला?"

"माफी हाय. अजून काय असायचा?"

तिने मराठीत वाचून दाखवलं. मी लिहिलेलं सगळं खोटं आहे. खाली इतरांनी लिहिलेलंही खोटं आहे. मी ते मानसिक आजारात लिहिलं. यापुढे कंपनीबद्दल तोंडी किंवा लेखी काही बोलणार नाही.

भिकाजींनी विचारलं, "खोटा होता का गो?"

"नव्हतं."

"गडग्याच्या टायमाला मी तरी कुठं खोटा होतो? मागितली माफी. काशीराम आता आपल्याकडं जेवून जातो."

"तिथे कागद नव्हता, बाबा."

"नारळ देऊन फिरलेला माणूस या वाडीत अजून झालेला नाय, बाय. ती येळ माझ्यावर आणू नको."

तिने मला फोन केला. मी म्हटलं, वकीलबाईंना तरी विचार, दोन दिवस थांब. ती म्हणाली, "घरात एकाशी आणि बाहेर एकाशी भांडायची ताकद असती, तर मी आजारी पडले असते का?"

तिने सही केली, पान काढलं.

महिन्याभरात कंपनीने तो कागद पुढे करून ऋतिकाचं दोन्ही साइटवरचं लिखाणही उतरवायला लावलं. कंपनीचं नाव शोधलं की आता फक्त वार्षिक समारंभाचे फोटो येतात. ऋतिकाला आलेल्या नोटिशीला मृणालीच्या सहीची प्रत जोडलेली होती. ऋतिकाचा एकच फोन आला. "तुझं पान तू काढायचं होतंस गं. मला खोटं का पाडलंस?" मृणालीच्या गोळ्यांचा डोस वाढला.

भिकाजी कवडीची वाट बघत राहिले. दोनदा कंपनीच्या गेटपर्यंत जाऊन आले.

"अरे, हापिसात नारळ फोडायला दगड कुठून आणतील?" ते काशीरामला म्हणाले.

"दगड कशाला," काशीराम म्हणाला, "चटणी करून खाल्लान पण असेल."

भिकाजी हसले नाहीत.

परवा मी त्यांच्याकडे होतो. मृणाली पडवीत भिजवलेले वाल सोलत होती, भिकाजी शेजारी बसले होते. फोन वाजला, हात ओले म्हणून तिने स्पीकर लावला.

"ताई, मी सर्वेश बोलतोय, सावर्ड्याचा. कंट्रोल रूमला रुजू झालोय. पॅनेलजवळ तुमचा नंबर दिसला. हा अलार्म बंदच होत नाहीये."

"लाल बटण तीन सेकंद दाबून धर."

फोनमधून येणारा अलार्मचा आवाज थांबला. "झाला. थँक्यू हं ताई." तो घुटमळला. "इथे आम्ही दोघंच आहोत. जॉइन होण्याआधी मी नेटवर बघितलं होतं, सगळं चांगलंच लिहिलंय. तुम्ही का सोडलीत?"

भिकाजींनी मान वर केली. तिच्याकडे बघत राहिले.

"ताई?"

"वेळ लिहून नोंद कर," मृणाली म्हणाली आणि फोन बंद केला.