बाकीचं मी बघते

मी शाळेतून घरी आले की नवरा चहा टाकतो आणि विचारतो, "आज कोण?" आज काय झालं, असं विचारणं त्याने केव्हाच सोडलं. काहीतरी झालेलं असणार हे त्याने धरलेलंच असतं, फक्त कोणी केलं तेवढं ऐकायचं राहतं. असे इतके जमा झालेत की कधीकधी एकाचा किस्सा दुसऱ्याच्या नावावर खपवते मी, आणि तोही बिचारा कळून न कळल्यासारखं करतो.

मी सातवीची वर्गशिक्षिका. आमची शाळा पाचूबंदरच्या कोळीवाड्याला लागून, मराठी माध्यम, सातवीपर्यंतच. आठवीला स्टेशनच्या बाजूच्या हायस्कूलला जायचं, बसने. त्यामुळे जानेवारी उजाडला की मुलांना आणि आईबापांना हायस्कूलसाठी तयार करायचं काम माझ्या गळ्यात. मुलं होतात हो तयार. आईबापांचं विचारू नका. मागच्या वर्षीच्या बॅचने तर माझं डोकं पार उठवलं.

*

पहिली पालकसभा. तारीख ठरवतानाच माझी निम्मी ताकद गेली. रविवार म्हटलं तर मासेवाल्या म्हणाल्या, रविवारीच तर खरा धंदा. ख्रिस्ती पालकांची सकाळी मिस्सा. इतर वारी उमेळ्याच्या नव्या बिल्डिंगमधले नोकरदार बाप मुंबईत. शेवटी पंचांग, चर्चचं कॅलेंडर आणि सरकारी सुट्ट्या समोर मांडून मी एक सुट्टीचा दिवस काढला, दुपारची वेळ ठेवली. हॉल भरला. मी खूश.

जोरात सुरुवात केली. "आठवी म्हणजे नवीन शाळा, नवीन शिक्षक, लांबचा प्रवास. घरची अडचण काहीही असू दे, मुलीची शाळा थांबवायची नाही. तुम्ही फक्त तिला पाठवा, बाकीचं मी बघते."

मागच्या ओळीत गुलाबबाय बसली होती, माझ्या वर्गातल्या साक्षीची आई. मांडीवर साक्षीचा धाकटा भाऊ, बंटी, जेमतेम चालायला लागलेला. गुलाबबायने मान डोलावली. मला वाटलं, वा, पोचलं.

प्रोजेक्टर लावला, पहिली स्लाइड आली आणि कुणाचातरी फोन वाजला. "बोट आली." अर्धा हॉल उठला. बायकांनी पदर खोचले, चपला शोधल्या आणि गेल्या. मी सगळं बघितलं होतं, भरतीची वेळ तेवढी बघितली नव्हती.

उरले ते बिल्डिंगवाले, त्यांना मी पुढच्या स्लाइड दाखवल्या. त्यातल्या साळवींनी हात वर केला. मला वाटलं शंका असेल. "मॅडम, स्लाइड जरा मागे घ्या ना, फोटो काढायचाय."

*

मग मी व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप काढला. नाव ठेवलं 'आठवी प्रवेश'. नियम टाकला, इथे फक्त प्रवेशाचं बोलायचं.

दुसऱ्या दिवशी एका आईने पापलेटचा फोटो टाकला. खाली, "ताजी हाय." मी लिहिलं, कृपया विषयाला धरून बोला. तोवर साळवीवहिनींनी विचारलंही होतं, उमेळ्याला आणून द्याल का? मग एकीने कोलंबी टाकली, एकीने बोंबील. कागदपत्रं कोणती लागतात ते मी टाकलं, त्याला कुणी अंगठासुद्धा दाखवला नाही.

मी चिडून राऊत सरांकडे गेले. हे आमचे मुख्याध्यापक. शांत माणूस, इतका शांत की त्याचाच मला राग येतो. त्यांनी मोबाइल काढून बघितलं आणि म्हणाले, "बाई, ग्रुप चांगला चाललाय की. मलाही घ्या त्यात."

शेवटी मीसुद्धा कोलंबी मागवली. काय करणार, स्वस्त होती आणि ताजी होती.

*

हायस्कूलवाले प्रवेशाआधी मुलाशी थोडं बोलतात. मुलं बिचकू नयेत म्हणून आम्ही सराव ठेवला. राऊत सर झाले हायस्कूलचे प्रिन्सिपल. पहिला नंबर साळवींच्या अथर्वचा, सोबत साळवी. सुट्टी टाकून आले होते.

"अथर्व, तुला काय आवडतं?"

"त्याला कोडिंग आवडतं," साळवी म्हणाले.

"बरं. आणि खेळ?"

"चेस. पण सध्या बंद केलंय, फोकस जातो."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "अथर्व बाळा, तुझा स्वभाव कसा आहे?"

"अबोल आहे तो," साळवी म्हणाले.

अथर्वने हात वर केला. "सर, मी बोलू का?"

"थांब रे," साळवी म्हणाले, "सर काहीतरी विचारतायत."

*

मार्चमध्ये मुलांना हायस्कूल दाखवायला नेलं. मुद्दाम बसनेच, कारण पुढे रोज बसच. आमच्या वर्गात अशी पोरं आहेत की जी बापाबरोबर उधाणात बोटीवर जाऊन आलेली. मी निर्धास्त होते. पहिल्या दोन वळणांत कोळीवाड्याची सगळी पोरं ओकली. बिल्डिंगमधली पोरं त्यांना पाणी देत होती आणि कंडक्टर माझ्याकडे असा बघत होता की मीच त्यांना काही खायला घातलंय.

हायस्कूलमध्ये मी अभिमानाने एकेक दाखवत होते, लायब्ररी, मैदान, कॉम्प्युटर लॅब. परत आल्यावर वर्गात विचारलं, सगळ्यांत काय आवडलं? एक मुलगी उठली. "बाई, त्यांच्या संडासाला आतून कडी आहे." बाकीच्या मुलींनी माना हलवल्या. मी तशीच ऑफिसात गेले आणि राऊत सरांवर ओरडले. मुख्याध्यापकांवर ओरडू नये हे मला कळतं. दुसऱ्या दिवशी कडी बसली.

पण त्या दिवशीची खरी गोष्ट साक्षीची. प्रयोगशाळेत सगळ्यांना मायक्रोस्कोपमधून कांद्याचं साल दाखवलं. साक्षीचा नंबर आला तेव्हा तिच्या बाहीला माशाचा एक खवला चिकटलेला होता. सकाळी आईला मदत करून येते ती, असतोच काही ना काही. तिने तो काढला आणि तिथल्या सरांना विचारलं, "सर, हा ठेवू?" सर बरे होते. ठेव म्हणाले.

बस निघायची वेळ झाली तरी ही तिथेच वाकलेली. मी हाताला धरून ओढली तेव्हा म्हणाली, "बाई, रोज साफ करतो आम्ही, आणि यावर एवढ्या रेघा असतात ते मला माहीतच नव्हतं." येताना बसमध्ये ओकली नाही ती. खिडकीला डोकं टेकून बसली होती. या मुलीला मी हायस्कूलला पोचवणार म्हणजे पोचवणार, असं मी तिथेच ठरवलं.

*

निकाल लागला आणि गुलाबबायचा निरोप आला, साक्षी येनार नाय हायस्कूलला.

मी स्कूटी काढली आणि गेले. गुलाबबाय बोंबील वाळत घालत होती. तिने शांतपणे सांगितलं, "सकालची शाला, लांबची. नवरा बोटीवर, मी बाजारात, सासू नाय. बंटीला कोन बगंल?"

"अंगणवाडीत घाला."

"तीन वर्षांचा झाल्याबिगर घेत नाय ती."

"तुमची बहीण?"

"तिची दोन हायेत. ती मलाच बोलते, माझी बग."

मी म्हटलं, मुलगी हुशार आहे. ती म्हणाली, मला काय दिसत नाय? आणि डोळे पुसले.  मी उठले तर तिने बोंबलाची पिशवी हातात दिली. दारात आलेला माणूस रिकाम्या हाताने जायचा नाही, ही त्यांची रीत. पिशवी घेतली की भांडण पुढे नेता येत नाही, हा माझा अनुभव.

अख्खा मे महिना मी जात होते. जाताना ठरवून जायची, आज ऐकायचंच नाही. येताना हातात पिशवी. एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये बोंबलाचा असा वास भरला की शेजारच्या काकू दार लावून घ्यायला लागल्या. नवरा म्हणाला, "एक तर त्या मुलीला शाळेत घाल, नाहीतर तिकडे जाणं बंद कर."

*

जून लागला. मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या. साक्षीचा बाप घरी, ओट्यावर जाळं विणत बसलेला. मला एकदम सुचलं. म्हटलं, "आता हे आहेत ना घरी? हे सांभाळतील बंटीला."

"मी?" बाप म्हणाला.

गुलाबबायने त्याच्याकडे बघितलं.  मग मला म्हणाली, "पुनवेपरत. नारल वाह्यला, बोट गेली, का साक्षी घरी."

एवढं तर एवढं. साक्षी गेली हायस्कूलला. नवा युनिफॉर्म घालून मला दाखवायला आली, तेव्हा मला रडूच आलं. मी तिला उगाच शूजच्या लेसवरून बोलले.

इकडे बापाचे मला फोन सुरू. मी नव्या सातवीला अपूर्णांक शिकवतेय आणि हा फोनवर. "बाई, हा जेवत नाय." "बाई, हा जाल्यात गुतलाय, काडू कसा?" मी म्हटलं, अहो, जाळ्यातून काढायचं तुम्ही मला विचारता? तर म्हणतो, "मासा काडता येतो मला. हा चावतोय."

*

नारळी पौर्णिमा झाली. समुद्र उघडला, बोटी गेल्या. राऊत सर म्हणाले, "बाई, तुम्ही तुमच्याकडून केलंत. फार मनाला लावून घेऊ नका." मला ते वाक्यच आवडत नाही. हायस्कूलला फोन करून साक्षी आलीय का विचारावं, तर धीर होईना. नाही आली म्हणाले तर?

त्या सकाळी पहिल्या तासाला हजेरी घेत होते. मनात नको नको ते चाललेलं. दारात सावली पडली. बघते तर गुलाबबाय. डोक्यावर माशांची पाटी, कडेवर बंटी.

ती सरळ आत आली आणि बंटीला माझ्या टेबलावर बसवलं.

"साक्षीला आताच बसमदे बसवली," ती म्हणाली. "तुमी बोल्ला व्हता सभेत, बाकीचं मी बगते. मंग बगा."

"गुलाबबाय, अहो, ही शाळा आहे."

"म्हनूनच आनलाय." ती दारापर्यंत गेली आणि वळली. "दुपारी येते न्यायला. डालभात खातो. मासा दिला तं काटा काडून द्या."

आणि गेली. बाजाराची वेळ झाली होती तिची.

 बंटीने एकदा सगळ्यांकडे बघून घेतलं, डस्टर उचललं, मांडीवर आपटलं आणि पांढरा झाला. तेवढ्यात राऊत सर राउंडला आले. दारात थांबले. त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बाई, हे काय?"

"हायस्कूलची तयारी, सर," मी म्हटलं आणि बंटीच्या तोंडातला खडू काढला.