तांब्यांची नोकरी

तांबे रोज दोन्ही बुटांना पॉलिश करायचे. त्यात नवल ते काय, असं वाटेल. पण त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली नकली होता. खरा सीमेवर सुरुंगात गेलेला. नेरूळच्या आमच्या सोसायटीत, जिन्याच्या पायरीवर बसून ते आधी नकली पायाचा बूट चमकवायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "हा बिचारा कधी कुरकुर करत नाही. याचा नंबर पहिला."

मूळचे खेडकडचे. फौजेतून हवालदार म्हणून घरी आले ते अपंगत्वाची पेन्शन घेऊन, आणि उरणजवळच्या एका गोदामाच्या गेटवर कंटेनरची सीलं तपासायला लागले. कुणी 'आता आराम करा' म्हटलं की चिडायचे. "ड्यूटी असली की माणूस दाढी तरी करतो," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. गोदामातल्या ड्रायव्हरांचे किस्से सांगताना तर असे रंगायचे की वहिनींना जेवायला तीनदा हाक मारावी लागायची.

आता माझं सांगतो. मी तहसील कचेरीत तीस वर्षं कारकून. निराधार योजनेचे अर्ज माझ्या टेबलावर यायचे. उत्पन्न मर्यादेच्या वर दिसलं की अर्ज बाद. निवृत्त झालो तरी खुमखुमी गेली नव्हती. सोसायटीत कुणाचाही फॉर्म असो, मी चष्मा लावून तयार.

दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात तांबे पेन्शनचा हयातीचा फॉर्म घेऊन आले. त्यात नोकरीविषयी एक रकाना होता. गोदामाचं लिहू ना, असं त्यांनी सरळ विचारलं. पगार चालू, आणि वर अपंगत्वाची पेन्शन? मी त्यांना चांगलंच झापलं. पेन्शन बंद होईल, मिळालेली परत मागतील, उतारवयात इभ्रत जाईल, काय काय सुनावलं. फौजेचा नियम मी आयुष्यात वाचला नव्हता.

"नक्की ना, साहेब?" त्यांनी एकदाच विचारलं.

"तीस वर्षं हेच केलंय," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ते गोदामात राजीनामा देऊन आले. बरं झालं तुम्ही होतात, असं वर मलाच म्हणाले. मी मोठ्या तोऱ्यात त्यांच्याकडे चहा प्यायलो.

मग तांबे खचत गेले. आधी बागेतल्या बाकावर बसायचे, पुढे खालीही उतरेनात. दाढी वाढली. नकली पाय दाराआड नुसता उभा असायचा. बांधून जायचंय कुठे, म्हणायचे.

गेल्या वर्षी त्यांच्या ओळखपत्राच्या कामासाठी माजी सैनिकांच्या कचेरीत मी एकटाच गेलो. आपली हुशारी दाखवायला तिथल्या बाईंना हा किस्सा सांगितला. त्यांनी पेन खाली ठेवलं. "काका, ही पेन्शन जखमेची आहे. खाजगी नोकरीच्या पगाराने ती कमी होत नाही. त्यांना कुणी सांगितलं हे?"

होतं कुणीतरी ओळखीचं, असं म्हणून मी उठलो.

तिथून गोदाम गाठलं. तांब्यांच्या जागी केव्हाच दुसरा माणूस लागला होता. आणि सांगायला लाज वाटते, पण हे तांब्यांच्या कानावर घालायला मला दोन महिने लागले. त्यांचं दार उघडं दिसलं की मी पाय न वाजवता वर जायचो.

शेवटी एका सकाळी जाऊन बसलो आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण त्यांनी आवाजही न चढवता, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलं, "साहेब, कचेरीत असं किती लोकांना परत पाठवलंत, नियम न बघता?"

पुढच्याच महिन्यात तांबे आणि वहिनी कायमचे गावी गेले.

तेव्हापासून मला मोरा बंदरावरची एक विधवा कोळीण आठवते. टोपलीभर मासळी विकतेस, तुला निराधार कोण म्हणेल, असं मी तिला म्हणालो होतो. किती कमावतेस, हे विचारलंही नव्हतं. तिने वाद घातला नाही. साहेब म्हणतात म्हणजे खरंच असेल, असं बरोबरच्या पोरीला सांगून ती कागद गुंडाळून निघून गेली.