थोरले मालक आणि कडबाकुट्टी

नवं मशीन तयार झालं की आमचे थोरले मालक लेंगा सावरून त्याच्यावर बसायचे. दोन्ही पाय अधांतरी. मग चहा मागवायचे. कप संपेपर्यंत मशीन हललं नाही की म्हणायचे, "डुललं न्हाय. चढवा गाडीवर."

हसू नका. माणूस वजनानं क्विंटलभर होता, म्हणजे परीक्षा अगदीच पोकळ नव्हती.

आमचा कारखाना उद्यमनगरात. कडबाकुट्टी, म्हणजे जनावरांचा चारा बारीक करायचं यंत्र, तिथं बनतं. मालक तीन सख्खे भाऊ. तिघांच्या सह्या झाल्याशिवाय नवं मॉडेल बाहेर पडायचं नाही, हा त्यांच्या वडिलांनी घालून दिलेला नियम. धाकटे दोघे सहीला कायम तयार. थोरले आधी बसणार, मग सही. त्यामुळं सगळं ओतीव लोखंडाचं. मी तिथला फिटर. मशीनं ढकलून माझी कंबर गेली, ती अजून आलेली नाही.

सगळ्यात धाकट्यांची मुलगी इंजिनिअर होऊन आली आणि तिनं पाइप-पत्र्याची हलकी कडबाकुट्टी केली, दोन चाकांची. पुण्याच्या नोकरीचं पत्र तिच्या पर्समध्ये होतं. बापाला तिनं स्पष्टच सांगितलं होतं, "हे मशीन बाहेर पडलं नाही, तर सोमवारी मी पुण्याला." घरातली बाकीची पोरं कधीच परगावी पांगलेली. ही गेली की कारखान्याला पुढं कुणी नव्हतं.

थोरले आले, बसले. चहा आला. पहिल्याच घोटाला मशीनचे पुढचे पाय फाकले आणि थोरले हळूहळू, अगदी मानानं, खाली आले. चहाचा थेंब सांडला नाही. फरशीवरूनच म्हणाले, "हे मशीन न्हवं. डबा हाय."

"तात्या, ते बसण्यासाठी नाहीच आहे," ती रडकुंडीला आली.

"आमच्या वडलांनी बसून बघाय शिकवलंय. मी बसतोय."

सही केली नाही. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला त्यांचा सणसणून राग आला.

शनिवारी गडमुडशिंगीच्या एक बाई आल्या. घरी चार म्हशी. थोरल्यांनी जुनं मशीन थोपटलं. "भूकंप झाला तरी हलायचं न्हाय, ताई."

"ते दिसतंय. पर गोठा झाडताना मी हलवायचं कसं?"

"पुरुष माणूस असंल की घरात."

"ते कामावर असत्यात. तुमी हायसा की पुरुष. हलवा बघू."

थोरल्यांनी खांदा लावला. टोपी पडली, सदऱ्याचं बटण उडालं, मशीन जागच्या जागी. आम्ही सगळे छताकडं बघत उभे. तोवर बाईंनी कोपऱ्यातलं वाकडं मशीन एका हातानं ओढत फाटकापर्यंत नेलंसुद्धा.

"हे द्या. पाय तेवढं सरळ करून."

"अवो, आधी बसून तरी बघा," थोरले कळवळून म्हणाले.

"मला बसाय येळ कुठाय?"

थोरल्यांनी खाली पडलेली टोपी उचलली. झटकली, घातली, पुन्हा काढली. मग पुतणीला म्हणाले, "पाय जरा जाड कर. सही कुठं करू?" आणि सही करता करता, मान खालीच ठेवून, "आता जायची न्हाईस न्हवं पुण्याला?"

तिनं 'नाही' म्हणून मान हलवली. माझे डोळे भरून आले, सांगायला लाज कसली.

महिन्याभरात ती भागीदार झाली. बोर्डावर आडनावापुढं 'बंधू' लिहिलेलं. रंगवायला आलेल्या पेंटरनं विचारलं, आता काय घालू? थोरले म्हणाले, "बंधूच ऱ्हाऊ दे. तीबी बंधूच हाय."

गेल्या वर्षी थोरले गेले. मधल्यांचे गुडघे गेले, धाकटे शेती बघतात. बोर्डावरच्या बंधूंपैकी रोज सकाळी शटर उघडायला आता ती एकटीच येते.