आत्या आणि पानिपताहून परतलेले भाऊसाहेब

अख्ख्या दिल्लीत, आणि त्यात नोएडा, गुडगाव, फरिदाबाद सगळं धरा, माझ्या आत्येसासूबाईंइतकी निर्भय बाई दुसरी सापडली तर मी माझं नाव बदलून टाकीन. वय चौऱ्याहत्तर, उंची पाच फुटांना दोन बोटं कमी, केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात पस्तीस वर्षं नोकरी आणि आता गाझियाबादेत सातव्या मजल्यावर एकटीचा संसार. एकटीचा म्हणजे त्यांचा आणि भाऊसाहेबांचा. भाऊसाहेब हा साडेतीन फूट लांब, मनगटाएवढा जाड, आफ्रिकी जातीचा, बिनविषारी, पाळीव अजगर आहे! पानिपतच्या एका चादरीवाल्याचा मुलगा परदेशी निघाला, त्याचं हे लाडकं जनावर घरात कुणालाच नको होतं आणि चादरी घ्यायला गेलेल्या आत्या चादरी विसरून त्यालाच उशीच्या अभ्र्यात घालून घेऊन आल्या. "पानिपताहून सुखरूप परत आलेला हा पहिलाच भाऊसाहेब," असं त्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. त्याच्या सरकारी नोंदणीचा कागद त्यांनी चौकटीत घालून देवघराशेजारी लावलाय. यजमानांचा फोटो त्याच्या खाली आहे.

दिल्लीच्या थंडीत आत्या दोन स्वेटर आणि शाल गुंडाळून कुडकुडत बसतात, पण भाऊसाहेबांच्या पेटीखालची गरम गादी बंद होता कामा नये, म्हणून वीज गेली की घरातला इन्व्हर्टर आधी त्यांच्यासाठी. फ्रीजरमधले श्रीखंडाचे डबे पाहून पाहुण्यांच्या तोंडाला पाणी सुटतं. एकाने हौसेने झाकण उघडलं, आत ओळीने गोठवलेले उंदीर! त्या गृहस्थांनी श्रीखंड कायमचं सोडलं म्हणतात. गॅसवाला दारातूनच विचारतो, "अम्मा, ये काटता तो नहीं?" आत्या शांतपणे म्हणतात, "बिल्कुल नहीं. पर बदतमीज़ी इनसे सहन नहीं होती."

पण एक काळजी त्यांना खात होती. असे अजगर तीस-तीस वर्षं जगतात, आणि भाऊसाहेब जेमतेम नऊ वर्षांचे. आत्यांनी आयुष्यभर नेमणुकांच्या फायली हाताळलेल्या. त्यांनी खरोखरची फाइल उघडली, वर लिहिलं 'उत्तराधिकारी', आणि एकेका नातेवाइकाची मुलाखत सुरू केली. माझा नवरा दारातूनच "यार आत्या, प्लीज!" म्हणून परत फिरला. एक पुतण्या क्रिकेटचे ग्लोव्हज घालून आला. सगळ्यांच्या नावापुढे 'अपात्र'. शेवटी मी एकटी उरले. मीही नापास झाले तर भाऊसाहेब कुठल्या तरी अनोळखी माणसाकडे जाणार, हे आत्यांनी मला एकदाच सांगितलं आणि चष्मा पुसायला घेतला. त्यात भाऊसाहेबांचं डोकं गेले काही महिने फिरलेलं. पेटी उघडली की फुसफुस, मानेचा वळसा करून मागे सरकणं, कधी काचेवर झेप. "कात टाकायची असेल," आत्या म्हणायच्या, पण कात टाकून झाली तरी स्वभाव बदलला नाही.

दर शनिवारी माझी शिकवणी. आधी हात साबणाने धुवायचे, हाताला खाण्याचा वास असेल तर तो हातालाच खाणं समजतो. जेवणानंतर दोन दिवस त्याला हात लावायचा नाही. मग जुन्या छत्रीच्या वाकड्या मुठीने अंगाला हळूच एकदा स्पर्श करायचा. "साहेबांच्या केबिनमध्ये दार न वाजवता शिरशील का तू? तसंच हे." हात नेहमी बाजूने न्यायचा, पोटाखाली दोन्ही तळवे, डोकं कधी धरायचं नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे घाई नाही. "तू झाड हो," आत्या म्हणायच्या. "झाड कुणाला पकडून ठेवतं का?" मला सगळं तोंडपाठ होतं. फक्त प्रत्यक्ष उचलायची वेळ आली की मी पुन्हा एकदा हात धुवायला जायचे.

नागपंचमीला मी रजा काढली. आज उचलायचाच! जय्यत तयारीने गेले: लाह्या, दूध, हळदीकुंकवाची कोयरी. पेटी उघडली, भाऊसाहेब समोरच बसलेले, आणि माहेरी लहानपणापासून जे केलं तेच माझ्या हाताने आपोआप केलं. बोटावर कुंकू घेऊन मी ते थेट त्यांच्या डोक्यावर लावायला वरून हात नेला. फटकन चावा! मी किंचाळले. आत्या जागच्या हलल्यासुद्धा नाहीत. "ओढू नकोस. श्वास घे. सोडेल तो." आणि खरंच, क्षणात सोडलं. अंगठ्यावर मोहरीएवढे चार लाल ठिपके.

"अगं, वरून घार येते," साबणाने माझा अंगठा धुताना आत्या म्हणाल्या. "घारीच्या पंजात कुंकू आहे हे त्याला काय माहीत!"

मी नापास, हे मी धरूनच चालले होते. पण अर्ध्या तासाने आत्यांनी छत्री माझ्या हातात दिली. मूठ टेकवली. बाजूने तळवे सरकवले. ते फुसफुसले, मी झाड झाले. पुन्हा फुसफुसले, मी झाडच. आणि मग तो सगळा ताठर वळसा हळूहळू सैल होत माझ्या हातावर उतरला, गार, गुळगुळीत, जड! त्याची जीभ माझ्या मनगटाला लागली. "आत्या! बघा ना! अहो, घ्या, तुम्ही पण घ्या!" मी आनंदाने ओरडायचीच बाकी होते.

आत्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

"माझ्याकडे नाही येत तो आता. चार महिने झाले. हात थरथरतात माझे. त्याला वाटतं कुणीतरी घाबरलंय, मग तोही घाबरतो." हे त्यांनी मंत्रालयातल्या बदलीची बातमी सांगावी तसं सांगितलं. थंडीत थरथरणारे ते हात मी दोन वर्षं बघत होते. पण आज श्रावणातल्या उकाड्यात ते तसेच थरथरत होते. मला इतकं वाईट वाटलं की अंगठ्याचं दुखणं विसरूनच गेले. मी सोफ्यावर त्यांना खेटून बसले आणि म्हणाले, "माझ्या हातावर हात ठेवा."

त्यांचा हात माझ्या हातावर आला. माझ्या हाताच्या आधाराने त्यांच्या बोटांची थरथर निवली आणि मग एक बोट सावकाश भाऊसाहेबांच्या पाठीवर टेकलं. भाऊसाहेब फुसफुसले नाहीत. मग आत्यांनी उठून फाइल आणली आणि माझ्या नावापुढे वेड्यावाकड्या अक्षरात 'पात्र' लिहिलं.

कधीतरी भाऊसाहेब उशीच्या अभ्र्यात बसून माझ्या घरी येतील. तो दिवस जितका लांबेल तितका बरा. तोवर मी दर शनिवारी गाझियाबादला जाते, हात धुते, त्यांना उचलते आणि सोफ्यावर आत्यांशेजारी बसते. आत्या हात पुढे करतात, पण लगेच ठेवत नाहीत. आधी माझ्या मनगटावर बोटाने हळूच एकदा दार वाजवतात.