पॅकीने घातलेला शाप

पॅकी रुआनने तो शाप घातला तो केवळ मेंढ्यांसाठी. दुसरं काहीही कारण नव्हतं.

कोकरं जन्मायचे दिवस होते. गोर्टनाश्की गाव उठून जमाना झालेला, पण पडक्या भिंतींच्या आडोशाला पॅकीच्या मेंढ्या व्यायला येत. एका सकाळी तो वर गेला तर फाटकाला अगदी चिकटून एक भलीमोठी गाडी उभी. आत चूल, खाट, पडदे, सगळा संसार. एक जर्मन जोडपं पायरीवर कॉफी पीत बसलेलं, दोघांचे बूट शेजारी जोडीने लावलेले.

"आम्ही इथे आठवडाभर राहिलो तर चालेल ना?" त्यांनी हसून विचारलं.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, "नाही. गाडी काढा." पण आयर्लंडमधल्या मेयो परगण्याच्या त्या डोंगराळ भागात तोंडावर 'नाही' म्हणायची रीत नाही. तिथे चहा हवा असला तरी आधी दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा कप हातात घ्यायचा. नको असला तरीही तसंच. पाहुणा उठता उठत नसला, तर "रस्ता फार वाईट आहे हो, तुम्हाला लांब जायचंय" असं म्हणायचं, मग पाहुणा शेजारच्या घरातला का असेना. अशा माणसांत वाढलेला पॅकी परक्याला फाटकावरून हुसकावणार कसा? त्याने टोपी मागे सारली, आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाला,

"चालेल की! माझं काही नाही. विधवेचं काय ते तुम्ही बघा."

"विधवा?"

झालं. विधवा आली. जमीनदाराच्या माणसांनी तिच्या घराचं छप्पर दोर लावून ओढून पाडलं. तिने उंबऱ्यावर गुडघे टेकले, केस मोकळे सोडले आणि सांगितलं की या गावातल्या एकाही धुराड्यातून पुन्हा धूर निघणार नाही. एवढी सबंध बाई आपल्या तोंडातून बाहेर पडली कशी, याचं पॅकीलाच नवल वाटलं. जर्मनांनी मनापासून आभार मानले, बूट आत घेतले आणि गेले.

खरी हकीकत सांगण्याजोगी नव्हतीच. नवा रस्ता खालून गेला, दुकान खाली गेलं, टपालवाला वर चढायला कुरकुरू लागला, म्हणून गाव उठलं. शेवटी उतरली ती पॅकीची आजी. तिने कुणाला शापबिप दिला नाही. कोंबड्या टोपलीत घातल्या, "गुडघे ऐकत नाहीत" म्हणाली आणि उतरली. असल्या गोष्टीने कुणाची गाडी हलते?

पुढच्या उन्हाळ्यात लोक विधवेला भेटायला येऊ लागले. जर्मनांनी ती कुठेतरी लिहिली होती. मग परगण्याच्या कचेरीने फलक लावला. लोकांचे पाय मुरगळू नयेत म्हणून वरपर्यंत डांबरी रस्ता केला. चर्चच्या सभागृहातल्या बायकांनी चहा आणि स्कोन नावाच्या गोडसर पावांचं टेबल मांडलं. वृद्धाश्रमातल्या एका आजोबांनी तर आपल्या वडिलांनी विधवेला धुक्यात पाहिल्याचं शपथेवर सांगितलं. आणि दर रविवारी ती गोष्ट सांगायला पॅकीलाच बोलावणं येऊ लागलं. तो नाही म्हणणार कसा? एक स्कोन फुकट मिळे, मुरंब्यासकट.

पॅकीचं सगळं आयुष्य हे असंच. त्याने शाळेची बस चालवली, पण एका पोरावर कधी ओरडला नाही. मागे दंगा वाढला की नुसतं म्हणे, "पुढच्या वळणावर ब्रेक जरा नाराज असतात बरं का." की सगळी चिडीचूप. लग्नही त्याने केलं नाही, ते झालं. ब्रायडीने एका नाचाच्या कार्यक्रमात विचारलं, "माझ्याशी लग्न करायला तुझी काही हरकत आहे का?" आणि हरकत आहे असं म्हणायचं धाडस त्याच्यात कुठलं. त्याच्या भिडस्तपणाने आयुष्यात एवढं एकच भलं केलं. आता ब्रायडी नव्हती. स्वयंपाकघरात रेडिओ होता आणि पॅकी रेडिओलाही मध्येच बंद करत नसे. बातम्या संपेपर्यंत थांबे.

अशी बरीच वर्षं गेल्यावर त्याची मुलगी नोरीन डब्लिनहून फोनवर म्हणाली, "बाबा, भाडं भरून भरून आम्ही पिचलो. तुझ्या आजीच्या जागेवर घर बांधू या का? आता तर रस्ताही झालाय."

पॅकीला आनंद लपवता आला नाही. अडचण एकच होती. जावई फर्गल तयार होता, पण घराला पैसा लागणार तो त्याच्या आईचा, रॉसकॉमनमधलं तिचं घर विकून येणारा. ती त्यांच्यातच राहणार होती. आणि विहीणबाईंनी, म्हणजे अट्रॅक्टाबाईंनी, फलक वाचला होता.

"शापाच्या जागेवर माझी नातवंडं रांगणार नाहीत," त्यांनी कळवलं. "त्यापेक्षा फर्गलला ऑस्ट्रेलियातली नोकरी आलीय, ती घे म्हणावं त्याला."

ऑस्ट्रेलिया! पॅकीच्याच विधवेने पॅकीची लेक पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला धाडायचं ठरवलं होतं.

तेव्हा ऑगस्टमधल्या एका रविवारी, चर्चमधली मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, आटोपल्यावर, सगळं कुटुंब गोर्टनाश्की बघायला निघालं. बाईंनी जागा डोळ्यांनी पाहून तिथल्या तिथे काय तो निर्णय द्यायचा होता. गाडीत अंड्याची सँडविचेस होती, चहाचे थर्मास होते. अट्रॅक्टाबाईंच्या मांडीवर मरियामातेच्या आकाराची प्लास्टिकची बाटली होती, निळ्या मुकुटाचं झाकण असलेली, आत पवित्र पाणी. पॅकीच्या पायाशी एक पोतं होतं. त्यात दलदलीतून कापून वाळवलेल्या इंधनाच्या ढेपा. आजीच्या चुलीत जाळ करायचा, धुराड्यातून धूर काढून दाखवायचा, की शाप संपला, असा त्याचा बेत.

फाटकाला टेकून पुन्हा एक गाडी उभी होती. या खेपेला डच होते.

"आपण भिंतीवरून जाऊ," पॅकी घाईने म्हणाला. "भिंत तशी ठेंगणीच आहे."

"भिंतीवरून? या बुटांनी?" अट्रॅक्टाबाई उतरल्या. तरुणपणी त्या लंडनच्या इस्पितळात परिचारिका होत्या; नाही म्हणायला तिथे शिकल्या होत्या. खिडकीवर टकटक करून त्या म्हणाल्या, "गाडी काढा. फाटक आहे हे."

डच माणूस "माफ करा हं" म्हणाला आणि गाडी काढली.

पॅकी बघतच राहिला. एवढंच? एवढ्यावर भागलं असतं?

वर पोचल्यावर फर्गलने दोन्ही हात पसरले. "काय जागा आहे! समुद्र बघा, डोंगर बघा..."

"देव भलं करो म्हण!" आई खेकसली. "कौतुक करून मोकळा होतोस, दृष्ट कोण काढणार?"

"देव भलं करो," फर्गल पुटपुटला. नोरीनने हसू दाबलं.

आजीच्या घरावर पॅकीने मेंढ्यांसाठी पत्रे टाकले होते. चूल शाबूत होती, धुराडंही उभं होतं. त्याने ढेपा रचल्या, काडी ओढली. जाळ छान धरला. सगळे बाहेर येऊन धुराड्याकडे माना वर करून उभे राहिले. डच मंडळीही कॅमेरे घेऊन आली होती.

धुराड्यातून काही निघेना.

मग दारातून निघाला. मग खिडकीतून. मग पत्र्यांच्या फटीफटीतून, दाट, पिवळा, खोकला आणणारा. फक्त धुराड्यातून तेवढा नाही.

"आई गं," नोरीन म्हणाली.

अट्रॅक्टाबाईंनी बाटलीचा मुकुट फिरवला. पॅकी एक पाऊल मागे सरला. ती विधवा त्यानेच बनवलेली, त्याच्याच तोंडून निघालेली. आणि तरी क्षणभर त्याला वाटलं, आलीच ती.

"धुराड्यात छोट्या कावळ्यांनी घरटं केलंय, दुसरं काय!" असं म्हणत फर्गल कुंपणाचा वासा उपसून तोंडाला रुमाल बांधून आत घुसला.

"फर्गल, बाहेर ये! चला, बघितलं ते पुरे झालं," अट्रॅक्टाबाई गाडीकडे वळल्या. "ऑस्ट्रेलियात ऊन तरी असतं."

आणि पॅकीच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द निघाला.

"नाही!"

नोरीनने चमकून बापाकडे पाहिलं.

"नाही विहीणबाई. शाप नाही. विधवा नाही. मीच केलं ते सगळं. एकांची गाडी फाटकात होती, मेंढ्या व्यायच्या होत्या, आणि मला... मला काढा म्हणवेना."

"हे तू आता घर वाचवायला रचतोयस."

"नाही हो! ते रचलं होतं. हे खरंय."

"माझ्या मावशीला त्या विधवेचं नावसुद्धा ठाऊक होतं."

"बाबा," नोरीन म्हणाली, "तू खरंच...? मी शाळेत निबंध लिहिला होता तिच्यावर!"

"चांगला होता तो," पॅकी कसानुसा म्हणाला.

अट्रॅक्टाबाईंनी त्याला नखशिखान्त न्याहाळलं. रोगी खोटं बोलतोय की खरंच दुखतंय, हे ओळखण्यात त्यांचं तरुणपण गेलं होतं.

"बरं," त्या म्हणाल्या. "तू घातलास म्हणतोस ना? मग सोपं आहे. ज्याने घातला त्यानेच उतरवायचा. टेक गुडघे."

"इथे?"

"तिने उंबऱ्यावर टेकले होते ना? तिथेच."

उंबऱ्यावर मेंढ्यांनी मागे ठेवलेलं बरंच काही होतं आणि त्यातून खाजकुयलीसारखी चुरचुरणारी पानं उगवली होती. पॅकी रविवारच्या विजारीत त्यावर टेकला.

"केस मोकळे सोड."

"केस कुठायत?"

"टोपी काढ मग."

त्याने टोपी काढली. डच बाई फोटो घेऊ लागली. मागून धूर येत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मी, पॅकी रुआन," तो म्हणाला, "या गावावर जे काही बोललो, ते परत घेतो. धुराला आता कुणाची अडकाठी नाही. आमेन."

तेवढ्यात आत धप्पकन आवाज झाला. काटक्या, पिसं, काजळी असं गाडाभर घरटं चुलीत कोसळलं, आणि धुराड्यातून धूर सरळ आभाळात गेला. डच मंडळींनी टाळ्या वाजवल्या. फर्गल वासा घेऊन बाहेर आला तो नखशिखान्त काळा.

"पडलं एकदाचं! काय अडकून बसलं होतं..."

"तू गप्प बस," आई म्हणाली. "आत्ता शाप उतरला तो बघितला नाहीस." मग थर्मास उघडत म्हणाली, "चूल इथेच राहू दे. माझी खोली समुद्राकडे हवी."

पॅकी उठायच्या बेतात होता. अट्रॅक्टाबाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"एक राहिलं. त्या बाईच्या आत्म्यासाठी फादरांना एक मिस्सा सांग. इतकी वर्षं तिच्या तोंडी शिव्याशाप घातलेस."

"अहो पण ती नव्हतीच!"

"मग तर तिचं कुणीच नाही. तुझ्याशिवाय सांगणार कोण?"

पॅकी मान डोलावत उठला आणि विजार झटकू लागला.

घर झालं. आता त्या धुराड्यातून रोज धूर निघतो आणि लोक त्याचाच फोटो काढतात. गोष्ट अट्रॅक्टाबाई सांगतात. त्यांच्या गोष्टीत पॅकी तासभर गुडघ्यांवर असतो आणि फर्गल नसतोच. पॅकी जेवायला वर जातो. रेडिओ खाली एकटाच बोलत असतो.

एकदा तो फादरांकडे गेलाही होता. फादरांनी पेन उघडलं. "कुणासाठी मिस्सा?"

"एका विधवेसाठी."

"नाव काय होतं बाईंचं?"

पॅकी टोपी फिरवत राहिला. शेवटी म्हणाला, "चर्चचं पन्हाळं गळतंय का हो अजून?" आणि पन्हाळं दुरुस्त करून घरी आला.

दर रविवारी मटणाचं ताट पुढे ठेवताना अट्रॅक्टाबाई विचारतात, "मिस्सा सांगितलीस का?"

"या आठवड्यात," पॅकी म्हणतो. "देवाची इच्छा असली तर."

त्या भागात याचा अर्थ काय होतो, ते आता बाईंनाही कळतं. किटली उचलून विचारतात, "चहा?"

"नको, नको," पॅकी म्हणतो, आणि दुसऱ्यांदा विचारायची वाट बघत बसतो.