हरलेलीला पाणी दिलं का?

टेनिसमध्ये कोण जिंकलं याला काडीची किंमत नसते, हे सगळ्या जगात फक्त माझ्या मामीला कळलेलं होतं. मखमलाबादला तिचा गुलाबाचा मळा. घरात केबल आली त्या वर्षी मामाने ती बातम्यांसाठी घेतली आणि मामीने परदेशातल्या बायकांचं टेनिस शोधून काढलं. तेव्हापासून लंडन-पॅरिसची फायनल म्हणजे घरात सण. खेळाडूंची नावं तिच्या जिभेला मानवत नसत, म्हणून तिने सगळ्यांचं नव्याने बारसं केलं होतं: एक वेणीवाली, एक रडकी, एक 'शेजारच्या सरूवानी चालणारी'. शनिवारी संध्याकाळी दुसऱ्या दिवशीच्या बाजाराची फुलं बांधत ती टीव्हीसमोर बसे. सामना रंगला की जुड्या इतक्या आवळल्या जात, की फुलबाजारातले व्यापारी नुसत्या जुडीवरून सामना दोन सेटचा झाला की तीन, ते ओळखतात, असं मामा म्हणायचा.

तिचा जीव मात्र कायम हरणारीत. शेवटचा पॉइंट आला की ती उठायची आणि पायात चप्पलसुद्धा न घालता मळ्यात निघून जायची. टाळ्या ऐकू आल्या की बाहेरच्या पत्र्याच्या शेडमधून हाक येई, "हरली तिला कोणी पाणी दिलं का रे?" दिलं, असं मी सांगेपर्यंत बाई आत येत नसत. लंडनला जिंकणारीला चांदीचं मोठं ताट देतात आणि हरणारीला त्याहून लहान, हे कळल्यावर तर ती आठवडाभर धुसफुसत होती. "येवढ्या लांबून बोलवायचं, उन्हात पळवायचं, नि एकीला मोठं ताट, एकीला धाकटं. पंगतीत असं वाढतात का कुठं?" त्या ताटात कुणी जेवत नाही, ते कपाटात ठेवतात, असं मी समजावलं. "मग तर लयच वाईट," ती म्हणाली.

या वेडाचं फळ म्हणजे तिची मुलगी, माझी मामेबहीण वैशू. ती शहरातल्या क्लबात टेनिस शिकली, व्यावसायिक स्पर्धांच्या अगदी खालच्या पायरीवर पोचली आणि तिथेच अडकून बसली. गावोगावच्या स्पर्धांना जायची, पहिल्याच फेरीत हरून परत यायची. मग एका वर्षी आमच्या नाशकातच मुलींची अशी एक छोटी स्पर्धा भरली, तेव्हा मामाने निकाल देऊन टाकला, "ह्या वेळी पहिली फेरी निघाली तर पुढं खेळ. नायतर रॅकेट माळ्यावर, नि बी.कॉम. पुरं कर." वैशू हो म्हणाली. सामन्याच्या सकाळी मामीने मळ्यातले सगळ्यात चांगले गुलाब तोडले आणि अगदी सारख्या अशा दोन जुड्या बांधल्या.

वैशूचा खेळ बघायला निम्मं मखमलाबाद लोटलं होतं. समोरची मुलगी कुठून तरी लांबून, मनमाडला गाडी बदलून एकटीच आलेली. वैशूने पॉइंट घेतला की आमची मंडळी टाळ्यांनी मैदान डोक्यावर घेत, त्या मुलीने घेतला की घसे खाकरत. वैशूने पहिला सेट घेतला, दुसरा घालवला, आणि बघता बघता तिसऱ्यात त्या पोरीचा शेवटचा पॉइंट आला. मामीला वाट करून द्यायला मी सवयीने पाय आखडून घेतले. पण ती उठली नाही. पदराचं टोक मुठीत धरून बघत राहिली. वैशूचा चेंडू जाळ्यात गेला आणि आमची मंडळी पिशव्या आवरू लागली.

मग मामी उठली. जुड्या घेऊन ती सरळ कोर्टात शिरली. पंच काहीतरी म्हणाले, त्यांना तिने हातानेच थांबवलं. वैशू टॉवेलात तोंड खुपसून बसली होती. मामी तिच्यापुढून निघून गेली, जाळ्यापलीकडे बावरून उभ्या असलेल्या त्या पोरीच्या हातात तिने एक जुडी दिली आणि एकटीच टाळ्या वाजवू लागली.

"अगं, आपली पोर इकडंय," मामा बाहेरून म्हणाला.

"तिला मी हाय," मामी म्हणाली. "हिचं जिंकलेलं बघायला इथं कोण हाय?"

मग आम्हीही टाळ्या वाजवल्या. त्या मुलीला मराठी कळत नसावं, तरी तिचे डोळे भरून आले. मामी मात्र तोवर वैशूशेजारी जाऊन बसली होती. तिने बाटलीचं झाकण उघडून पाणी पुढे केलं आणि दुसरी जुडी तिच्या मांडीवर ठेवली. "धर. सारखीच हाय."

रॅकेट ठरल्याप्रमाणे माळ्यावर गेली. वैशूने बी.कॉम. केलं, ओझरला नोकरी धरली आणि आता तिचं बरं चाललंय. तरी मला अजून वाईट वाटतं, कारण ती खरंच छान खेळायची. मामीला हल्ली पडद्यावरचा चेंडू दिसत नाही, पण ती फायनल चुकवत नाही. शेवटच्या पॉइंटला आता ती बाहेरही जात नाही, गुडघे ऐकत नाहीत म्हणते. सामना संपला की आधी पाण्याची चौकशी होते. मग ती विचारते, "नि जिंकली तिचं कोणी आलंय का?"

वैशू टीव्हीकडे न बघताच सांगते, "आलंय. आई आलीय तिची."