जड रॅकेट आणि वस्तरा

सलूनवाल्याच्या हातात जेवढं कसब होतं, त्याहून जास्त तोंडात होतं. शेजारच्या टेनिस क्लबातली मंडळी त्याच्याकडे दाढीला यायची. त्यांच्या गप्पा ऐकून हा एवढा तयार झाला होता, की खुर्चीतल्या माणसाला बेधडक सुनावायचा, "तुमचा बॅकहँड हल्ली ढिला पडलाय म्हणे!" तोंडभर फेस असलेला माणूस उलट काय बोलणार? एकदा बोलण्याच्या भरात "मीही बरीच वर्षं खेळलोय" असंही त्याने ठोकून दिलं. रॅकेटला त्याने जन्मात हात लावला नव्हता.

पोट सुटायला लागल्यावर मात्र त्याला खरंच खेळावंसं वाटलं. तो बिचकत रॅकेटच्या दुकानात शिरला. दुकानदाराने सरळ विचारलं, "नवीन शिकताय, की खेळलेले आहात?" हा "नवीन" म्हणणार, तेवढ्यात मागून त्याचंच एक गिऱ्हाईक ओरडलं, "अहो, जुने खेळाडू आहेत ते!"

झालं! आता माघार कशी घ्यायची? दुकानदाराने त्याला कसलेल्या खेळाडूची रॅकेट दिली. वजनाला जड, तोंडाने लहान, तारा करकचून ताणलेल्या. रोज सकाळी क्लबामागच्या भिंतीवर तो चेंडू मारू लागला. चेंडू रॅकेटच्या मधोमध काही बसेना. प्रत्येक फटक्याचा हिसका थेट कोपरात जायचा.

आणि एक दिवस गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा टेकवताना त्याची बोटं थरथरली. रक्ताचा एवढासा ठिपका आला. गिऱ्हाईक हसून म्हणालं, "चालायचंच." सलूनवाल्याला मात्र दरदरून घाम फुटला.

कारण ही खुर्ची त्याच्या बाबांची होती. त्यांचाही हात असाच थरथरू लागला होता, बरोबर याच वयात. त्यांनी वस्तरा खाली ठेवला तो कायमचाच. आता त्यांच्या सदऱ्याची बटणं सून लावत असे. तेच आपल्याला आलं, हे त्याच्या मनाने पक्कं धरलं.

भीतीने त्याला पार पोखरून टाकलं. दाढीची गिऱ्हाइकं तो काहीबाही सांगून परत पाठवू लागला. बायको म्हणाली, "हल्ली चहा कपात कमी आणि बशीत जास्त का असतो हो?" तो कसनुसा हसला. डॉक्टरकडे गेला नाही. बाबांच्या त्या आजाराचं नाव ऐकायची त्याची छाती नव्हती. उलट हात अजून शाबूत आहे हे स्वतःला पटवायला तो भिंतीवर आणखी जोराने फटके मारायचा.

रविवारी बाबांची दाढी तोच करायचा. बाबा मान मागे टाकून बसले. वस्तरा गळ्यापाशी गेला आणि तिथेच अडला. पुढे न्यायची त्याची हिंमतच होईना. बाबांनी डोळे उघडले.

"हात दुखतो का रे?"

त्याने वस्तरा बाजूला घेतला. "कोपरापासून खाली. पिळून काढतो."

"मग हा माझा आजार नव्हे," बाबा म्हणाले. "माझा कधी दुखलाच नाही. नुसता थरथरायचा, ऐकायचाच नाही माझं. सकाळी ते काय बडवत असतोस भिंतीवर?"

त्याला खुर्चीमागेच रडू आलं. दुसऱ्या दिवशी तो रॅकेट घेऊन दुकानात गेला. क्लबातली निम्मी मंडळी तिथे उभी होती. कान तापले, तरी तो मोठ्याने म्हणाला, "मी खोटं बोललो. मला अजिबात खेळता येत नाही. नवशिक्याची रॅकेट द्या."

सगळे खो खो हसले. दुकानदाराने हलकी, मोठ्या तोंडाची, सैल तारांची रॅकेट काढली आणि दम दिला, "आधी दुखणं पूर्ण जाऊ द्या. मगच हात लावा हिला."

दुखणं जायला बरेच आठवडे गेले, आणि तेवढे दिवस धाकधूक काही सुटली नाही. मग एका रविवारी वस्तरा बाबांच्या गळ्यावरून अलगद फिरला.

"आता कसा आहे हात?" बाबांनी विचारलं.

"ठीक आहे, बाबा."

बाबांनी मान डोलावली आणि खुर्चीच्या दांड्यावर थरथरणारा स्वतःचा हात हळूच टॉवेलखाली सरकवला. रोजच करत असणार. त्याच्या ते आजवर लक्षातच आलं नव्हतं. हात लपवताना जीव कसा होतो, हे आता त्याला ठाऊक होतं. त्याने वस्तरा मिटला, टॉवेल बाजूला केला आणि बाबांचा तो हात आपल्या हातात घेतला.